वाकड्या दाताची कवळी

मी एक जुनी कवळी आहे, आणि मित्रांनो, हे सांगताना मी हसते आहे. त्यात माझा काही मोठेपणा नाही. मला घडवलंच हसऱ्या तोंडाची. रडावंसं वाटलं तरी मला ते जमत नाही. म्हणून माझ्या गोष्टीत दुःखाचा भाग आला, तर माझ्या चेहऱ्यावर जाऊ नका.

मी वरच्या जबड्याची. खालची ती माझी धाकटी बहीण. ती घोड्याच्या नालाच्या आकाराची, हलकी आणि जरा चंचल आहे. शेंगदाणा दिसला की तिचा पाय घसरतो. मी मात्र वाटीसारखी खोलगट, टाळूला घट्ट धरून बसणारी. आमच्या मालकीणबाईंचं नाव भागीरथीबाई. बेंगळुरूच्या यशवंतपुरात घाऊक बाजाराच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं चटणीपुडीचं, म्हणजे कोरड्या चटणीचं, दुकान आहे. चटणीपुडी, मेतकूट आणि डोशाचं ओलं पीठ. गल्लीतले लोक त्यांना अक्का म्हणतात, लहान मुलं अज्जी म्हणतात, आणि घरात मराठी बोलतात म्हणून शेजारीपाजारी या घराला अजूनही 'मराठी मने' म्हणतात, म्हणजे मराठ्यांचं घर.

माझा जन्म राजाजीनगरातल्या एका लहानशा कामशाळेत झाला. आधी भागीरथीबाईंच्या तोंडाचं माप घेतलं, त्यावरून प्लास्टरचा टाळू केला आणि त्यावर मला मेणाची केली. पुढे मेण वितळवून काढून टाकलं, त्या पोकळीत गुलाबी ॲक्रिलिकचा गोळा दाबला आणि साच्यासकट मला पाण्यात उकळलं. साचा फोडून बाहेर काढल्यावर कारागिराने मला घासूनपुसून अशी चकाकी आणली की मीच दिपून गेले. पण ती चकाकी बाहेरून. आतल्या बाजूला, जिथे मी टाळूला टेकते, तिथे चकाकी देत नाहीत. दिली तर माप बिघडतं. तेव्हा मी बाहेरून गुळगुळीत आणि आतून किंचित खरखरीत. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी मेणाची होते तेव्हाची एक गंमत सांगते. दातांच्या वृद्ध डॉक्टरांनी मला भागीरथीबाईंच्या तोंडात बसवून हातात आरसा दिला. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि आरसा खाली ठेवला.

"हे दात माझे नाहीत," त्या म्हणाल्या. "टीव्हीवरच्या एखाद्या बाईचे असतील."

"का हो? ओळीत बसलेत की छान!"

"तेच तर. माझा डावीकडचा, सुळ्याच्या शेजारचा दात आत वळलेला होता. तसा करा."

डॉक्टर हसायलाच लागले. "अहो, लोक वाकड्याचे सरळ करून घ्यायला येतात. तुम्ही पहिल्याच, सरळाचा वाकडा मागणाऱ्या!"

"मागतेच. काउंटरवर बसणारी बाई आहे मी. गिऱ्हाइकाला कळता कामा नये."

असा माझा डावा दात वाकडा झाला. त्याचा मला फार अभिमान होता. जगात एवढ्या कवळ्या आहेत, पण मला पाहून कुणी मला कवळी म्हणत नसे.

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "रात्री काढून पाण्यात ठेवायची. रोज ब्रशने आतून घासायची." बाईंनी मान हलवली. पुढे ते डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे म्हैसूरला गेले आणि त्यांचे शब्दही त्यांच्याबरोबर गेले.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. काय दिवस होते ते! भागीरथीबाईंच्या तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द आधी माझ्यावरून जातो, त्यामुळे त्यांच्या आठवणीही माझ्याच झाल्या. निपाणीहून लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा बाजारात मिरचीच्या गाड्या बैल ओढत आणायचे, आणि ब्याडगी मिरचीची पोती उघडली की अख्खी गल्ली शिंकायची. सासऱ्यांनी चटणीची चव घ्यायला त्यांना शिकवलं. त्या घरातली रीत अशी, की चव घ्यायची ती चिमूट उजव्या तळहातावर घ्यायची आणि वरून तोंडात टाकायची. हात ओठाला लागता कामा नये. लागला तर आधी हात धुवायचा, मगच मसाल्याला शिवायचं. उष्टं म्हणजे उष्टं, त्याला सवलत नाही. प्रत्येक नवा घाणा दळला की भागीरथीबाई अशी चिमूट टाकायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "मीठ जरा कमी," किंवा "डाळं अजून भाजायला हवं होतं." त्यांनी मान डोलावली तरच चटणी पुड्यांत जायची.

आणि त्यांची शिस्त! दुकानामागच्या खोलीत ओल्या पिठाचा मोठा ग्राइंडर आहे. तो चालवायला शिवकुमार नावाचा माणूस आहे. रोज संध्याकाळी भागीरथीबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि म्हणायच्या, "शिवकुमार, दगड उचल."

"अज्जी, कालच उचलला होता. नुसतं पाणी मारतो ना, स्वल्प."

"स्वल्प नाही आणि फिल्प नाही! दगडाखालच्या खाचेत पीठ राहतं. ते आंबतं. उद्याचं ताजं पीठ त्यात पडलं की तेही आंबतं. उचल दगड आणि खाच घास."

"सरी अज्जी, सरी," असं कानडीत 'बरं, बरं' म्हणत तो बिचारा दगड उचलायचा.

मित्रांनो, ग्राइंडरचा दगड रोज उचलायला लावणाऱ्या या बाईने मला मात्र कधी नीट उचललं नाही.

त्यांना आळस नव्हता. आड आली ती तीच उष्ट्याची रीत. तोंडातली वस्तू काढून घरात ठेवायची कुठे? स्वयंपाकघरात शक्य नव्हतं. देवघराच्या भिंतीला लागून त्यांची खोली, तिथेही नाही. न्हाणीघरातली तांब्या-बादली सगळ्यांची. शिवाय सून शालन, मुलगा व्यंकटेश, नात मेघाश्री यांच्यापुढे बोळकं तोंड दाखवायचं? घरात कवळी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाहिली कुणी नव्हती. सकाळी अंघोळीच्या वेळी दाराला कडी लावून बाई मला काढायच्या, नळाखाली एक गिरकी द्यायच्या आणि पुन्हा तोंडात. दिवसरात्र मी टाळूला चिकटलेली. मला विसावा नाही आणि टाळूला वारा नाही.

अशाने माझ्यावर वस्ती झाली.

कँडिडा नावाचं एक यीस्ट असतं. डोळ्यांना न दिसणारी बुरशीच ती, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या दूरच्या नात्यातली. पुष्कळांच्या तोंडात ती थोडीफार असते आणि पाहुण्यासारखी गुमान राहते. पण माझ्याखाली तिला हवं ते सगळं मिळालं. अंधार होता, ऊब होती, लाळेचा ओघ नव्हता, जेवणातले बारीक कण होते आणि वर बाईंच्या रक्तातली थोडी वाढलेली साखर. आधी काही पेशी आल्या आणि माझ्या आतल्या खरखरीत अंगाला चिकटल्या. नळाच्या गिरकीने त्या हलल्यासुद्धा नाहीत. मग त्या वाढल्या, लांब होऊन त्यांचे धागे झाले, धाग्यांत धागे गुंतले. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी बरं. पण त्यांनी स्वतःभोवती एक चिकट लुकण सोडलं आणि त्या लुकणाखाली सगळी वस्ती झाकून घेतली. तोंडातले जिवाणूही त्यात भाडेकरू म्हणून येऊन राहिले. अशा झाकलेल्या वस्तीला बायोफिल्म म्हणतात हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा मी तिला आपली गिलावा म्हणायची. बाहेरून मी तशीच चकचकीत. आतून माझ्यावर गिलावा चढत होता.

मग एका उन्हाळ्यात बाईंच्या तोंडाची आग सुरू झाली.

आधी वरणातली मिरची लागायची, मग ताकातलं आलं, मग नुसतं मीठही. ओठांचे कोपरे फाटले. आणि चटणी! तळहातावरची चिमूट तोंडात पडली की डोळ्यांतून पाणी. "मिरची फार झालीय," बाई म्हणाल्या. शिवकुमारने मिरची कमी केली. पुढच्या घाण्याला पुन्हा, "अजून कमी कर." आणि पुन्हा.

होता होता गिऱ्हाइकं पुड्या परत आणू लागली. "अक्का, ही तुमचीच चटणी ना? की मुलांच्या खाऊची?" मल्लेश्वरमहून वर्षानुवर्षं येणारी एक बाई तर पुडी काउंटरवर ठेवून न बोलता निघून गेली. ते भागीरथीबाईंना सगळ्यात जास्त लागलं.

व्यंकटेश वाईट मुलगा नाही. पण दुकान चालवायचं त्याला. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "आई, पीण्याला, त्या इंडस्ट्रियल एरियात, एक कारखाना आहे. तयार चटणीपुडी देतात, प्रत्येक वेळी एकसारखी. आपण फक्त आपल्या पुडीत भरायची."

"आणि चव?"

"त्यांचं मशीन बघतं चव."

"मशीनला जीभ असते?"

"आई, तुझ्या जिभेलाच आता..." तो थांबला. मग हळू म्हणाला, "दसऱ्यापर्यंत बघू. नवमीला नमुन्याचा घाणा चाख. तुला चव लागली तर आपली चटणी चालू. नाही तर दसऱ्यापासून पीण्याची."

मी त्यांच्या तोंडात होते, म्हणून मला ठाऊक आहे. त्यांनी जीभ माझ्यावर घट्ट दाबून धरली होती.

गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. माणूस हाताला गुण असलेला, पण दाराशी सदा गर्दी, त्यामुळे नेहमी घाईत. त्यांनी फाटलेले ओठ पाहिले, जीभ पाहिली. "फंगल इन्फेक्शन आहे, अज्जी. हे थेंब तोंडात घोळवा, चार वेळा." आणि मग ते घात करणारं वाक्य बोलले, "पण या वयात काय दात हो तुमचे! माझे बघा, दोन रूट कॅनल झालीत. काय घासत होता?"

मित्रांनो, इथे बाईंनी सांगायला हवं होतं. पण माझ्या वाकड्या दाताने त्या फुलून गेल्या होत्या.

"कडुनिंबाची काडी," भागीरथीबाई म्हणाल्या. "आमच्या निपाणीकडची."

"बघा!" डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले. "जुनी माणसं!"

मग थेंब सुरू झाले. बाई मला तोंडात ठेवूनच ते घोळवायच्या. थेंब जिभेवर फिरायचे, गालांना लागायचे, आणि टाळूपर्यंत येताना वाटेत मी! जे थोडे माझ्या कडेने आत झिरपायचे, ते गिलाव्याच्या वरच्या थरातच अडकायचे. वरवरच्या पेशी मरायच्या. खोल बसलेल्या, लुकणाखाली पेंगणाऱ्या पेशींना पत्ताही लागायचा नाही. आग कमी व्हायची, ओठ भरून यायचे, बाटली संपायची आणि थोड्याच दिवसांत गिलाव्यातून नवी प्रजा बाहेर. पुन्हा आग, पुन्हा बाटली. औषध वाईट नव्हतं. ते बिचारं दाराबाहेर उभं राहून परत जात होतं.

श्रावणात बाई फक्त दहीभातावर आल्या. बांगड्या मनगटावरून खाली घसरू लागल्या.

नात मेघाश्री शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, एका ऑफिसात काम करते. तिथल्या रहदारीमुळे तिकडेच राहते आणि शनिवारी घरी येते. त्या शनिवारी तिने आजीपुढचं ताट पाहिलं.

"अज्जी, हे काय? चटणीवाल्या घरात चटणीशिवाय जेवण?"

"उपास आहे."

"कुठला?"

"आहे एक. तुम्हा मुलांना काय कळतंय!"

"शनिवारी दहीभाताचा उपास मी पहिल्यांदाच ऐकतेय. चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता."

"मेल्ये, दम तरी घे. येणाऱ्याने आधी पाणी प्यावं."

"पाणी तिकडे पिऊ."

तिने आजीला रेल्वे फाटकाजवळच्या दातांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर रंजिता बेळगावकडच्या. मराठी ऐकताच त्या खुलल्या. "या की आजी, बसा. स्वल्प आ करा. हां. आता कवळी काढा बघू."

या बाईला एका नजरेत कळलं! मी जन्मात पहिल्यांदा पकडली गेले.

भागीरथीबाईंनी तोंड मिटून घेतलं. "तिला बाहेर बसू दे," त्यांनी नातीकडे बोट केलं.

"अगं अज्जी, मी काय परकी आहे?"

"तू बस बाहेर."

"मी नाही जाणार. माझे दुधाचे दात पडल्यावरचं बोळकं तू बघितलंस ना? सगळ्या गल्लीला दाखवत फिरलीस! आता माझी पाळी."

डॉक्टर हसल्या. भागीरथीबाईही हसल्या, मनात नसताना, आणि हसता हसता त्यांनी मला काढून डॉक्टरांच्या हातात ठेवलं.

"बघ गं," डॉक्टर मेघाश्रीला म्हणाल्या आणि टाळूवर उजेड टाकला. टाळू लालभडक होता. सगळा नव्हे. जिथपर्यंत मी टेकते तिथपर्यंतच, जणू कुणी माझा ठसा उमटवला होता. त्या रेघेपलीकडे कातडी निरोगी गुलाबी.

मग डॉक्टरांनी माझ्या आतल्या अंगावर एक लाल रंग टाकला आणि मला नळाखाली धरलं. कोऱ्या जागेवरचा रंग वाहून गेला. गिलाव्याने मात्र तो धरून ठेवला. माझं सगळं आतलं अंग डागाडागांनी रंगलेलं भागीरथीबाईंनी पाहिलं.

"हे काय आहे?"

"यीस्टची वस्ती, आजी. बायोफिल्म. त्या पेशी एकेकट्या असत्या तर तुमच्या थेंबांनी मेल्या असत्या. पण त्या कवळीला चिकटून, वर चिकट पांघरूण घेऊन बसल्यात. औषध आत शिरत नाही, आणि खोलवरच्या पेशी औषधाला दाद देत नाहीत. तुम्ही तोंड बरं करता आणि ही पुन्हा त्याच टाळूवर लावता. मग पुन्हा..."

"थांब," भागीरथीबाई म्हणाल्या. बोळक्या तोंडातून शब्द हवेसारखे निसटत होते, पण आवाज काउंटरवरचा होता. "म्हणजे दगड न उचलता मी ग्राइंडर धूत होते."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मेघाश्रीला कळलं. ती खुर्चीतून उठून आजीच्या गळ्यात पडली.

"शिवकुमारला सांगू नकोस," आजी म्हणाली. "जन्मभर ऐकवेल."

डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट साधी होती. जेवणापुरतं सोडलं तर मला होईल तितकं बाहेर ठेवायचं, रात्री तर नक्कीच. काढल्यावर मऊ ब्रश आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासायचं, उकळतं पाणी लावायचं नाही, आणि त्यांनी दिलेल्या पाण्यात भिजवायचं. थेंब घ्यायचे ते मला काढून, उघड्या टाळूवर. बरं वाटलं तरी सांगतील तोवर सोडायचे नाहीत. साखर तपासायची. "आणि आजी, ही कवळी आता जुनी झाली. आतून फार खरखरीत आहे, वस्ती पुन्हा बसेल. टाळू बरा झाला की नवीन करू. सुजलेल्या टाळूचं माप घेऊन उपयोग नाही."

नवीन! तो शब्द ऐकून मला काय वाटलं ते सांगत नाही. चेहऱ्यावरून तर तुम्हाला कळणारच नाही.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. मला ठेवायचं कुठे?

"उष्टी वस्तू घरात नको," भागीरथीबाई दारातच अडल्या.

शालन पदराला हात पुसत बाहेर आली. तिने झाकणाची एक लहान स्टीलची डबी पुढे केली. "ही हिची. दुसऱ्या कशाला वापरायची नाही. हा ब्रश हिचा. खिडकीतल्या कट्ट्यावर जागा केलीय, तिथे दुसरं काही ठेवायचं नाही. ग्राइंडरचा ब्रश वेगळा असतो ना? तो आपण उष्टा म्हणतो का?"

"मेघाश्रीने पढवलं तुला?"

"फोन केला होता तिने. पण सासूबाई, डबी माझी आयडिया."

भागीरथीबाईंनी सुनेकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर मला काढून तिच्यात ठेवलं. व्यंकटेश नेमका तेव्हाच दुकानातून आत आला आणि आईचं तोंड पाहून उभाच राहिला.

"हसू नकोस रे मेल्या."

"हसत नाही गं. तू अगदी आज्जीसारखी दिसतेस. निपाणीच्या."

खिडकीतल्या त्या कट्ट्यावर मी पहिल्यांदा सकाळ पाहिली. रोज घासून, भिजून माझा गिलावा उतरला. दोन-तीन आठवड्यांत टाळूची आग विझत गेली, ओठ भरले. भाद्रपद संपता संपता बाई ताकातलं आलं मागून घेऊ लागल्या. पण चटणीला त्यांनी हात लावला नाही. "नवमीला," एवढंच म्हणाल्या. भ्यायल्या होत्या. त्या दिवशीही आग झाली असती, तर घराण्याची चटणी पीण्याच्या पोत्यांत बुडाली असती.

मित्रांनो, बेंगळुरूत नवमीची आयुधपूजा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बस असो की शिलाई मशीन, सगळी धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून बसतात. आमच्या दुकानातही शिवकुमारने चक्की झाडली, ग्राइंडरचा दगड उचलून खाच घासली आणि दगड पाटावर मांडला. शेजारी तराजू, झारा, मोठी कढई. व्यंकटेश हळदीकुंकवाचं ताट घेऊन आला. तेवढ्यात भागीरथीबाई म्हणाल्या, "थांब. एक आयुध राहिलं."

त्यांनी डबी उघडली. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला स्वच्छ पाण्याने धुतलं, केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेतलं आणि ग्राइंडरच्या दगडाशेजारी ठेवलं.

"आई, हे..." व्यंकटेश चाचरला.

"हे काय? घास चावून कोण देतं मला? गिऱ्हाइकाशी बोलतं कोण? लाव कुंकू."

माझ्यासारख्या उष्ट्या वस्तूला त्या दिवशी हळदकुंकू लागलं आणि झेंडूचं फूल मिळालं. एक फूल वाकड्या दाताशीच अडकलं. आणि रीत अशी, की पूजेला बसलेलं आयुध त्या दिवशी वापरायचं नाही. म्हणून दिवसभर भागीरथीबाई बोळक्या तोंडाने काउंटरवर बसल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला चुरमुरे आणि पेढे देत.

आदल्या दिवशी दळलेला नमुन्याचा घाणा शिवकुमारने समोर आणला. व्यंकटेश, शालन, मेघाश्री सगळे जवळ आले. बाईंनी चिमूट तळहातावर घेतली, ओठ न लावता वरून तोंडात टाकली आणि डोळे मिटले. माझ्या आडोशाशिवाय ती चटणी उघड्या टाळूला लागली. मी पानावरून बघत होते.

डोळे उघडले. पाणी नव्हतं. राग होता.

"ही चटणी आहे की पंजिरी? मिरची कमी करायला कुणी सांगितलं?"

"अज्जी, तुम्हीच," शिवकुमार म्हणाला.

"मी सांगितलं आणि तू ऐकलंस? पहिल्यासारखी कर." त्यांनी पुन्हा चिमूट टाकली. "आणि खोबरं खवट आहे. तळाच्या पोत्यातलं."

"काल मी चाखली, मला नाही लागलं," व्यंकटेश म्हणाला.

"तुला कधी लागणार! पोतं उघड."

शिवकुमारने तळाचं पोतं ओढून काढलं. वरच्या वाट्या पांढऱ्याशुभ्र होत्या. त्याने आत खोल हात घातला. तळाशी ओल लागून पिवळी पडलेली खोबऱ्याची वाटी निघाली. व्यंकटेशने ती नाकाशी धरली, खिशातून मोबाइल काढला आणि आईसमोरच पीण्याला फोन लावला. "नमस्कार. नाही, नको. आमच्याकडे आहे." मग फोन खिशात ठेवून आईकडे बोट करत म्हणाला, "हेच आपलं मशीन."

"मशीन म्हणालास तर थोबाड फोडीन," भागीरथीबाई म्हणाल्या, आणि सगळी खोली हसली.

त्याच वेळी पूजेचा प्रसाद घ्यायला गल्लीच्या तोंडाशी बसणारे डॉक्टर आत आले. काउंटरवर बोळक्या तोंडाची बाई पाहून ते दचकलेच.

"अज्जी! तुमचे दात?"

भागीरथीबाईंनी पानाकडे बोट केलं. "तिथे बसलेत, पूजेला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वाकड्या दाताकडे तर फारच निरखून पाहिलं. "आणि ती कडुनिंबाची काडी?"

"खोटं बोलले हो मी. तुम्ही कौतुक केलंत आणि मी भुलले." त्यांनी पेढा पुढे केला. "पण डॉक्टर, पुढची म्हातारी आली की आधी विचारा, काढता येतात का म्हणून. माझ्यासारख्या खूप असतील."

डॉक्टरांनी पेढा घेतला आणि मान डोलावली. जाताना चटणीची जुन्या चवीची पुडी त्यांनी आगाऊच सांगून ठेवली.

दसऱ्यानंतर नवी कवळी आली. तिचाही डावा दात वाकडा आहे. भागीरथीबाईंनी हट्ट सोडला नाही. दिवसा ती कामावर असते आणि मी खिडकीतल्या डबीत असते. मी अडगळीत गेले असं समजू नका. दुकानात एखादी म्हातारी आली, पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली की अक्का, हल्ली तोंडात फार आग होते, की भागीरथीबाई मेघाश्रीला नाहीतर शालनला हाक मारतात, "ती डबी आण." मग मला तिच्यापुढे उघडून धरतात. आत बोट दाखवून सगळं सांगतात आणि शेवटी दगडाची गोष्ट सांगतात. शिवकुमार मागून हसत असतो. त्याला सगळं कळलं आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडात माझी कुणी बहीण असेल, तर तिला रात्री विसावा द्यायला सांगा. रोज घासायला सांगा आणि तिच्यासाठी स्वतः एक डबी आणून ठेवा. तिचं चांगलं दिसणं बघून फसू नका. आम्ही नेहमीच चांगल्या दिसतो. आणि त्यांनी कवळी काढली तर तोंड फिरवू नका. जवळ बसा, त्यांना चिमूटभर काहीतरी चाखायला द्या आणि ते काय सांगतात ते ऐका. खोबरं खवट आहे का, हे बहुतेक त्यांनाच आधी कळेल.